गिटार सुधारायची की बदलायची?

रत्नागिरीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. चार पानी, सुवाच्य अक्षरातले आणि हिशेबासकट. हिशेबासकट आलेले पत्र हातात पडले की या सदराचे अर्धे काम झालेले असते, म्हणून या महिन्यात तेच घेत आहे.

मजकूर थोडक्यात असा. त्यांचा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाच वर्षांपूर्वी त्याच्या मामूंनी कुवेतहून येताना त्याच्यासाठी इलेक्ट्रिक गिटार आणली. एकाच खोक्यात गिटार, दहा वॅटचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर, वायर आणि खांद्याचा पट्टा, अशी नवशिक्यांसाठी मिळते तशी. सगळ्यांना वाटले होते की दोन महिन्यांत ती कपाटावर जाईल. गेली नाही. मुलगा नेटाने शिकला, रोज तासभर वाजवतो. आता त्याचे म्हणणे असे की या गिटारीवर पुढे जाता येत नाही. सूर टिकत नाही, बोटे दुखतात, आवाज पत्र्यावर वाजवल्यासारखा येतो. मुंबईच्या एका दुकानात दाखवली तेव्हा दुकानदाराने दोन कागद लिहून दिले. एकावर सुधारणा: नवे पिकअप, नव्या खुंट्या, नवी घोडी, मजुरी धरून 16,500 रुपये. दुसऱ्यावर नवी गिटार, 34,000 रुपये. जानेवारीत कॉलेजचे स्नेहसंमेलन आहे. बाईंची भिशी याच महिन्यात लागते आहे, 40,000 रुपयांची. अब्बांचे मत एका वाक्यात आहे: "वाजते आहे ना, मग?" आणि शेवटच्या पानावर, सलामाच्या वरच्या ओळीत, जाता जाता लिहिल्यासारखे: "धाकटी यंदा बारावीला आहे, जूनमध्ये तिच्या प्रवेशाचेही बघावे लागेल."

या शेवटच्या ओळीशी मी बराच वेळ थांबले. तिच्याकडे पुढे येऊ.

पत्रात असेही आहे की घरात गिटार या विषयावरून थोडी कुरकुर असते. ते घराने घरात ठरवायचे. हे सदर वस्तूंचे आणि पैशांचे आहे, तेवढेच बोलते.

दुकानदाराचे दोन्ही कागद खोटे आहेत असे मी म्हणणार नाही. पण दोन्ही कागद विक्रीचे आहेत. तिसरा कागद असायला हवा होता तो कोणी लिहिलाच नाही, आणि तो असा: या गिटारीला नेमके झाले काय आहे?

आपल्याकडे मिरजेला हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मिरजेतले सतार आणि तंबोरे करणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी आणि हत्यारांना धार लावणारे, पाणी देणारे. तो धंदा मंदावला तसे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या माणसांनी हात वाद्यांकडे वळवले आणि आडनावच सतारमेकर झाले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या कारागिरांकडे तंबोरा घेऊन माणूस गेला आणि म्हणाला की आवाज बसला आहे, तर कारागीर नवा तंबोरा दाखवत नाही. तो घोडीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, जवारी गेली आहे. तारा घासून घासून घोडीच्या माथ्यावर चऱ्या पडलेल्या असतात. तो कानसेने माथा नीट करतो, तारा बसवतो, खालून सुताचा धागा सरकवतो आणि तोच तंबोरा पुन्हा बोलू लागतो. लाकूड तेच, भोपळा तोच. वाद्य बिघडलेले नव्हते, बसवणी बिघडली होती.

इलेक्ट्रिक गिटारीला तंबोऱ्यासारखी जवारी नसते, पण बसवणी असते, आणि स्वस्त गिटारीत ती कारखान्यातून निघतानाच अर्धवट असते. स्वस्त गिटार स्वस्त का होते, याचे एक मोठे कारण हेच आहे. यंत्रावर लाकूड कापायला महाग आणि स्वस्त गिटारीत फार फरक राहिलेला नाही. फरक राहतो तो शेवटच्या हातकामात. पडद्यांच्या कडा घासणे, तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या खाचा योग्य खोलीच्या करणे, मान सरळ करणे, तारांची उंची लावणे, या कामाला माणूस लागतो आणि माणसाचा वेळ लागतो. पाच वर्षांपूर्वीच्या त्या खोक्यातल्या गिटारीला तो वेळ मिळालेला नसणार. त्यातून ती आधी कुवेतच्या कोरड्या हवेतून आली आणि मग रत्नागिरीचे पाच पावसाळे तिने काढले. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते, आणि त्याबरोबर मान पुढेमागे वाकते. हे महागड्या गिटारीलाही चुकत नाही.

तर भगिनींनो, कोणताही कागद स्वीकारण्याआधी मुलाला सोबत बसवा आणि गिटार टेबलावर घ्या. शाळेची पट्टी, मोबाईलवरचा सूर जुळवण्याचा मोफत ट्यूनर आणि चांगला उजेड, एवढे पुरते.

सर्वांत आधी मान. गिटार उचलून वरच्या टोकाकडून, जिथे खुंट्या आहेत तिथून, एक डोळा मिटून घोडीकडे बघा, सुतार फळी बघतो तसे. मानेच्या दोन्ही कडा एका रेषेत गेल्या पाहिजेत. एक कड वर आणि एक खाली, अशी पिळल्यासारखी दिसली तर ते वाईट लक्षण. नुसती थोडी पुढे वाकलेली असेल तर घाबरू नका. सर्वांत जाड तार पहिल्या पडद्यावर एका हाताने आणि शेवटच्या पडद्यावर दुसऱ्या हाताने दाबा. आता तारच पट्टी झाली. सातव्या-आठव्या पडद्याजवळ तार आणि पडदा यांत किती फट राहते ते मुलाला बघायला सांगा. पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पातळसे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, असेल तर मान छान आहे. त्याहून बरीच जास्त असेल तर मान पुढे वाकली आहे, मुळीच नसेल तर मागे गेली असण्याची शक्यता आहे. दोन्ही बहुतेक वेळा सुधारतात, कारण मानेच्या आत एक पोलादी दांडा असतो, ट्रस रॉड म्हणतात त्याला. किल्लीने तो पाव फेरा फिरवला की मान हलते. पण ते काम घरी करू नका. चुकीच्या मापाची किल्ली घातली किंवा जोर केला तर नटबोल्टाचे आटे जातात, आणि मग साध्या बसवणीचे काम मोठ्या दुरुस्तीवर जाते.

मग तारांची उंची. बाराव्या पडद्यावर, पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत पट्टीने मोजा. जाड तारेखाली दोन मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दीडच्या आसपास, हे सुखाचे माप. साडेतीन-चार भरले तर बोटे दुखणारच, त्यात मुलाचा दोष नाही आणि कंपनीचाही फारसा नाही.

तिसरी गोष्ट मी जरा सविस्तर सांगते, कारण स्वस्त गिटारीतला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा रोग तोच आहे. मानेच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, खाचा असलेली एक छोटी पट्टी असते. सतारीला जसे तारगहन, तसे गिटारीला हे नट. या खाचा कमी खोल राहिल्या की तारा मानेच्या सुरुवातीलाच फार उंच राहतात. मग गंमत अशी होते की मोकळ्या तारा ट्यूनरवर अगदी बरोबर जुळतात, पण पहिल्या दोन-तीन पडद्यांवर बोट ठेवले की तार जास्त खेचली जाते आणि सूर चढतो. पोरगा पुन्हा जुळवतो, पुन्हा वाजवतो, पुन्हा बेसूर. तो म्हणतो सूर टिकत नाही. दुकानदार म्हणतो खुंट्या खराब आहेत. आणि खुंट्या बिचाऱ्या जागच्या हललेल्याही नसतात. तपासायचे असे: तार तिसऱ्या पडद्यावर दाबा आणि पहिल्या पडद्यावर बघा. तिथे केसाइतकी फट हवी. पोस्टकार्ड आरामात सरकत असेल तर नट उंच आहे. खाचा खोल करायला कारागिराकडे प्रत्येक तारेच्या जाडीच्या वेगळ्या बारीक कानशी असतात. काम अर्ध्या तासाचे असते, पण जास्त घासले गेले तर मोकळी तार पडद्याला लागून झणझणते आणि पट्टी नवी घालावी लागते. म्हणून हेही कारागिराचेच काम.

शेवटी ट्यूनर. तार मोकळी छेडा, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. एक सप्तक वर, पण सूर तोच यायला हवा. फरक असेल तर घोडीवरच्या त्या तारेच्या ठोकळ्याचा स्क्रू फिरवून तार लांब-आखूड करता येते. मात्र ही तपासणी जुन्या तारांवर करण्यात अर्थ नाही. पत्रात तारा कधी बदलल्या याचा उल्लेख नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि हाताच्या घामात गिटारीची तार काही आठवड्यांतच काळवंडू लागते, गंजलेली तार एकसारखी जाड राहत नाही, आणि जी तार एकसारखी नाही ती कोणत्याही गिटारीवर सुरात वाजत नाही. तारांचा चांगला संच पाच-सातशे रुपयांच्या घरात येतो. वाजवून झाले की कोरड्या फडक्याने तारा पुसायची सवय लावली तर तो जास्त टिकतो.

या तपासणीनंतर बहुतेक घरांत प्रश्नाचा चेहराच बदलतो. मुलाच्या तीन तक्रारींपैकी दोन, बोटे दुखणे आणि सूर न टिकणे, या जवळजवळ नेहमी बसवणीच्या असतात. नव्या तारा आणि जाणत्या कारागिराकडून पूर्ण बसवणी, मिळून दोन हजारांच्या आसपास, शहर आणि हात पाहून थोडे कमी-जास्त. पावसाळा सरल्यावर लाकूड स्थिरावते, तेव्हा आत्ताच करून घेणे बरे. रत्नागिरीत कोणी भरवशाचा नसेल तर कोल्हापूर-मुंबईची फेरी होईल त्या दिवशी गिटार सोबत न्या, पण त्यासाठी खास गाडी करून जाऊ नका.

सूर उतरण्याची आणखी दोन कारणे मुलाला घरीच दूर करता येतील. खुंटीभोवती तारेचे वेढे सैल आणि एकावर एक चढलेले असतील तर तार सरकत राहते. दोन-तीन वेढे, नीट एकाखाली एक, एवढेच हवेत. आणि नटाच्या खाचेत तार अडकत असेल, खुंटी पिळताना 'टिंग' असा आवाज येत असेल, तर खाचेत साध्या शिसपेन्सिलीचे टोक घासा. शिसे वंगणाचे काम करते. घोडीला दांडी असेल, जी दाबली की सूर हेलकावतो, आणि तो ती क्वचितच वापरत असेल, तर मागचे झाकण काढून स्प्रिंगा घट्ट करून घोडी लाकडावर सपाट टेकवून टाका. स्वस्त गिटारीतली ही दांडी म्हणजे घराच्या मागच्या दारासारखी असते, वापर कमी आणि वारा जास्त.

उरली तिसरी तक्रार, पत्र्यासारखा आवाज. ही खरी असू शकते, पण तिचा गुन्हेगार गिटार आहे की नाही, हे अजून ठरायचे आहे. इलेक्ट्रिक गिटार हे अर्धेच वाद्य आहे. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार हलली की तिच्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. त्या विजेचा आवाज अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचा स्पीकर करतात. खोक्यातून फुकट आलेल्या दहा वॅटच्या डबीत टीचभर स्पीकर असतो. तिला लाखाची गिटार जोडली तरी आवाज त्या डबीचाच येईल. म्हणून पिकअपवर पैसे घालण्यापूर्वी एक अदलाबदल करून बघा, तिला एक पैसा लागत नाही. आपली गिटार, बसवणी झाल्यावर, दुकानात नेऊन तिथल्या चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवायची. आणि जमल्यास आपली डबी नेऊन तिच्यावर ती 34,000 ची नवी गिटार वाजवायची. दुकानदार थोडा कुरकुरेल, पण गिऱ्हाईक 34 हजारांचे असेल तर एवढे करतो. आपली गिटार चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरवर खुलली, तर पैसे कुठे घालायचे ते कळले. माझा अंदाज असा की बऱ्याच घरांत उत्तर हेच निघेल. घेताना हेडफोनची सोय असलेला घ्या. शेजारी, पाळण्यातले बाळ, नमाजाची वेळ आणि अभ्यासाला बसलेली धाकटी, सगळ्यांचा प्रश्न एका भोकात सुटतो.

खरखर आणि गुणगुण यांचेही लगेच पिकअपवर खापर फोडू नका. बटण फिरवताना खरखर होत असेल तर आत धूळ किंवा गंज आहे. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर फवारला की बहुधा जाते. वायर हलवली की आवाज तुटत असेल तर जॅकचा नट सैल आहे किंवा आतला एक झाळ सुटला आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जॅक, बटणे, झाळण्याची तार हे सारे किरकोळीत मिळते. एका वेटोळ्याचे पिकअप असतील तर ट्यूबलाइट आणि पंख्याच्या रेग्युलेटरजवळ ते गुणगुणणारच, तो त्यांचा स्वभाव आहे. महागड्या गिटारीतले तसलेच पिकअप तितकेच गुणगुणतात. ती गुणगुण मारायलाच दोन वेटोळी उलटसुलट जोडून हमबकर तयार झाला, गिब्सन कंपनीत 1950 च्या दशकात.

आता समजा, हे सगळे केले आणि तरीही मुलाचे समाधान नाही. मग खरा प्रश्न येतो, आणि माझ्या मते त्याचा निकाल मानेवरच लावावा. पिळलेली मान, पूर्ण फिरवूनही न हलणारा ट्रस रॉड, ठिकठिकाणी उचकटलेले किंवा खोल चऱ्या पडलेले पडदे, मान आणि देहाचा जोड इतका वाकडा की बारीक तार मानेच्या कडेवरून घसरते: यांतले काहीही असेल तर त्या गिटारीवर एक रुपया लावू नका. सगळे पडदे नवे बसवण्याची मजुरी स्वस्त गिटारीच्या किमतीशी स्पर्धा करते. तसेच, मुलाला जे हवे आहे ते या गिटारीत मुळातच नसेल, तरीही सुधारणा व्यर्थ. काही गिटारींत तारेची वाजती लांबी सुमारे 648 मिलिमीटर असते, काहींत 628. लांबी कमी की तारा मऊ लागतात आणि पडदे जवळ येतात. हात लहान असेल तर या फरकाचा उपयोग होतो, पण ती लांबी कोणी नंतर बदलून देऊ शकत नाही. पडदे 22 चे 24 करता येत नाहीत. असल्या गोष्टी हव्या असतील तर गिटार बदलावीच लागते.

मान सरळ असेल, हाताला बसत असेल, तर मात्र सुधारणेला अर्थ आहे. आणि इथे मी सांगते ते पाश्चात्त्य गिटारवाल्यांच्या घरातलेच आहे. अमेरिकेतल्या फुलर्टनचा लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. 1950 च्या सुमारास त्याने जी गिटार बाजारात आणली तिची मान देहाला चार स्क्रूंनी जोडलेली होती. झिजली की काढायची, दुसरी लावायची, रेडिओचा भाग बदलावा तशी. आजच्या स्वस्त गिटारी बहुतेक त्याच्याच धाटणीच्या असतात. म्हणजे भाग बदलणे ही या वाद्याच्या जन्मातलीच गोष्ट आहे. एडी व्हॅन हेलन याने 1970 च्या दशकात 50 डॉलरचा दुय्यम प्रतीचा देह आणि 80 डॉलरची मान जोडून, त्यात दुसऱ्या गिटारीतला एक पिकअप घालून स्वतःची गिटार केली. तिचा आवाज पुढे जगभरच्या पोरांनी पाठ केला.

त्याहून मला आवडते ती ब्रायन मेची गोष्ट. 1963 साली लंडनजवळ राहणाऱ्या या शाळकरी मुलाला फेंडरची गिटार हवी होती आणि घरात तेवढे पैसे नव्हते. बाप इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार. बापलेकांनी दोन वर्षे राबून घरीच गिटार केली. मान जुन्या शेकोटीवरच्या फळीची, तिच्यात किड्यांनी पाडलेली भोके आगपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. घोडीच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या. पडद्यांच्या मधल्या खुणांचे मोतिया ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणे. ही गिटार घेऊन तो पुढे क्वीन या बँडमध्ये गेला, ज्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला पारशी मुलगा. पण गोष्टीतला माझ्या कामाचा भाग वेगळाच आहे. या बापलेकांनी पिकअपही घरी गुंडाळले होते, आणि ते मनासारखे बोलेनात, तेव्हा सरळ बर्न्स कंपनीचे विकत आणून बसवले. जे हाताने जमते ते हाताने केले, जे जमत नाही त्यासाठीच खिशात हात घातला.

दुकानदाराच्या पहिल्या कागदाला माझा आक्षेप इथेच आहे. पिकअप, खुंट्या, घोडी, सगळे एकदम. सगळे एकदम बदलले की कशाने काय सुधारले हे कधीच कळत नाही. शिवाय मोजमापाचे घोटाळे आहेत. खुंटीची भोके काही गिटारींत दहा मिलिमीटरची असतात, काहींत साडेआठची. घोडी काहींत सहा स्क्रूंवर बसते, काहींत दोन खांबांवर. काही स्वस्त गिटारींचा देह पातळ असतो, त्यात पूर्ण मापाच्या घोडीचा ठोकळा मागून बाहेर येतो. "बसवून देऊ" याचा अर्थ कित्येकदा लाकूड पोखरून बसवून देऊ असा असतो, आणि एकदा पोखरले की परतीचा रस्ता नाही. माझा क्रम असा राहील: तारा आणि बसवणी, मग अ‍ॅम्प्लिफायर, मग गरज उरली तर चांगली हाडाची नटपट्टी, मग खुंट्या, आणि पिकअप सर्वांत शेवटी. प्रत्येकानंतर दोन महिने वाजवायचे. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग, त्याच्या स्क्रूंसकट, पिशवीत घालून ठेवायचा.

कारण विकताना बाजार सुधारणेचे पैसे देत नाही. आठ हजारांना जाणाऱ्या जुन्या गिटारीत साडेसोळा हजारांचे सामान घातले तर ती साडेचोवीस हजारांची होत नाही. फार तर नऊ-दहाला जाईल, आणि घेणारा उलट विचारेल की मूळचे भाग कुठे आहेत. पिकअप काढून पुढच्या गिटारीत नेता येतात, माप जुळले तर. नटावर, पडद्यांवर, बसवणीवर घातलेला पैसा मात्र त्या गिटारीबरोबरच जातो. तो थोडकाच असतो, म्हणून मला त्याची भीती वाटत नाही.

बदलायचीच ठरली, तर 34,000 च्या नव्या गिटारीकडे थेट जायची गरज नाही. यामाहाची पॅसिफिका, स्क्वायर, इबानेझ, एपिफोन या नावांच्या वापरलेल्या गिटारी मोठ्या शहरांत सतत विकायला येतात, कारण पुष्कळ मुलांच्या गिटारी खरोखरच कपाटावर जातात. वापरलेली घेताना वर सांगितलेली मानेची आणि पडद्यांची तपासणी हीच तपासणी. रंग उडालेला असला तर फार चांगले, किंमत उतरते आणि आवाजाला काही होत नाही. देणाऱ्याच्या घरी जाऊन, वायर जोडून, प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवल्याशिवाय पैसे देऊ नका. आधी पाठवा, मग गिटार पाठवतो, असे म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

आता त्या ओळीकडे. भिशी चाळीस हजारांची, गिटार चौतीसची, उरतात सहा. जूनमध्ये धाकटीच्या प्रवेशाच्या वेळी बांगडी सोनाराकडे जाईल, हे बाईंनी लिहिलेले नाही, पण हिशेबात ते दिसते. मुलगा मेहनती आहे, त्याची मागणी चैनीची नाही, हे मला मान्य आहे. तरीही भिशीतून गिटारीच्या नावावर बारा हजारांहून जास्त काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात बसवणी होते, तारांचे दोन-तीन संच होतात आणि बरा अ‍ॅम्प्लिफायरही येतो, विशेषतः वापरलेला. उरलेले अठ्ठावीस हजार धाकटीच्या नावाने वेगळ्या खात्यात आजच टाकावेत, घरखर्चाच्या खात्यात ठेवू नयेत. आणि हे मुलाला समोर बसवून, आकडे दाखवून सांगावे. वीस वर्षांच्या मुलाला घराचा हिशेब कळतो, फक्त तो त्याला कोणी दाखवत नाही. त्याला त्यापुढची गिटार हवी असेल तर सुट्टीत दोन-चार लहान मुलांना शिकवून तो स्वतः जमवू शकेल. पाच वर्षे रोज वाजवणाऱ्याकडे तेवढी विद्या असते.

संमेलनाची चिंता करू नका. मंचावर कॉलेजचा किंवा भाड्याचा मोठा अ‍ॅम्प्लिफायर असतो, आणि सभागृहात बसलेल्यांना गिटारीची किंमत ऐकू येत नाही, बेसूर मात्र ऐकू येतो. फक्त नव्या तारा कार्यक्रमाच्या आदल्या रात्री चढवू नका. आठवडाभर आधी चढवा, हाताने ताणून जुळवा, म्हणजे त्या बसतात.

अब्बांच्या वाक्याचेही उत्तर द्यायला हवे. "वाजते आहे ना" हे बरोबर आहे, पण चार मिलिमीटर उंच तारांवर पाच वर्षे वाजवणे म्हणजे बोथट सुरीने पाच वर्षे कांदा चिरणे. कापला जातो, पण डोळे आणि बोटे दोन्ही जातात. अब्बांना आधी बाराव्या पडद्यापाशी पट्टी धरायला बोलवा. आकडा त्यांनी स्वतः वाचला की दोन हजारांवर वाद होणार नाही.

तपासणी करून मान, तारांची उंची आणि नटाची फट या तिन्हींची मापे मला कळवा, गिटारीचे नाव आणि मॉडेलही लिहा. खुंट्यांच्या मागे किंवा मानेच्या टोकावर क्रमांक असतो, तोही उतरवून पाठवा.